पोकीप्सीच्या दगडावरचं नाव

पुरण्याची चाल असलेले समाज सोडले, तर आपल्याकडे माणूस गेलं की दहा-बारा दिवसांत त्याचं या मातीवरचं चिन्ह पुसलं जातं. अस्थी नाशिकला नाहीतर वाडीला जातात, तेही जमलं नाही तर गावच्या नदीला. मागे राहतो भिंतीवरचा हार घातलेला फोटो, आणि घराला रंग काढला की तोही माळ्यावर. तुमच्या पणजीचं नाव काय, असं कुणी विचारलं तर आपल्यापैकी कितीजणींना सांगता येईल? तिचं माहेरचं नाव तर सोडूनच द्या. घराण्याच्या वंशावळी काढून बघितल्या तर पुरुषांची नावं पिढ्यान्‌पिढ्या सरळ खाली उतरत आलेली दिसतात आणि बायकांच्या जागी नुसती रेघ.

म्हणून आपल्यातल्याच एका बाईचं नाव परक्या देशात, परक्या लोकांच्या दफनभूमीत, दगडावर कोरलेलं आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी पोकीप्सी नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या दफनभूमीत एका अमेरिकन कुटुंबाच्या जागेत तो दगड उभा आहे. त्यावर आनंदीबाई जोशी हे नाव, नावापुढे डॉक्टरकीची पदवी, 1865 आणि 1887 ही दोन सालं, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडून निघालेली ही पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची ओळ. बस, एवढंच.

आनंदीबाईंची गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय. 2019 साली सिनेमा आला तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांनी तो एकत्र जाऊन बघितला. पण ती गोष्ट बहुतेक वेळा पुण्यात, त्यांच्या मृत्यूपाशी थांबते. मला आज ती त्या दगडापर्यंत न्यायची आहे.

यमुना हे तिचं माहेरचं नाव. जन्म पुण्याचा, 31 मार्च 1865 चा. घर कल्याणच्या जोश्यांचं. एकेकाळी जमीनजुमला असलेलं, पण उतरती कळा लागलेलं. नवव्या वर्षी तिचं लग्न गोपाळराव जोशी या बिजवराशी झालं. गोपाळराव मूळचे संगमनेरचे, पोस्टात कारकून, वयाने तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. लग्नात यमुनेची आनंदी झाली. गोपाळरावांना बायकोला शिकवायचं वेड होतं. वेडच म्हणायला हवं, कारण ज्या काळात बायकोने अभ्यास केला म्हणून मार खावा लागायचा, त्या काळात आनंदीने अभ्यास सोडून दुसरं काही केलं तर मार खाल्ला. अमेरिकेत गेल्यावर तिने नवऱ्यालाच लिहिलेल्या पत्रात त्या लहानपणीच्या माराची, अंगावर फेकलेल्या वस्तूंची आठवण करून दिली आहे. आणि त्याच पत्रांत आपल्याला शिकवलं म्हणून त्याचे उपकारही मानले आहेत. या नवऱ्याला काय म्हणावं, हे मला अजून उमगलेलं नाही. तुम्हाला उमगलं तर बघा.

चौदाव्या वर्षाच्या आसपास तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाळ-बाळंतिणीला बघायला बाई डॉक्टर नाही, पुरुष डॉक्टरला बायका दाखवत नाहीत, सुईणीच्या हाताला यश आलं तर आलं. अशी मुलं तेव्हा घरोघर जात होती. बारशाच्या आधीच गेलेल्या त्या मुलाची कुठलीही खूण राहिलेली नाही. पण डॉक्टर व्हायचंच हे तिच्या मनाने घेतलं, ते त्या दहा दिवसांतून.

गोपाळरावांच्या बदल्या सतत होत. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा संसार फिरत राहिला. कोल्हापुरात असताना त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला, बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, काही मदत होईल का, असं पत्र लिहिलं. ख्रिस्ती व्हा, म्हणजे बघू, अशा धर्तीचं उत्तर आलं. हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापला गेला. खरं तर गोष्ट तिथेच संपायची. पण 1880 साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. नंबर यायला वेळ होता, म्हणून तिथे पडलेलं ते मासिक त्यांनी हातात घेतलं. दवाखान्यात बसल्याबसल्या आपणही जुनी मासिकं चाळतो आणि विसरून जातो. ही बाई विसरली नाही. तिने घरी जाऊन आनंदीला पत्र लिहिलं.

मग तीन वर्षं पत्रं जात-येत राहिली. एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या दोन बायका. एक पोरसवदा, एक मुलाबाळांची. देशातल्या रीतीभाती, सण, बालविवाह, आजार, जेवणखाण, सगळं त्या एकमेकींना लिहीत. आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. लक्षात घ्या, आई नाही, मॅडम नाही, मावशी. माय मरो मावशी उरो म्हणतात, त्यातली.

1883 च्या फेब्रुवारीत, बंगालमधल्या श्रीरामपूरला (आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे), कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेला का जातो ते त्यांनी भर सभेत इंग्रजीतून सांगितलं. वय अठराही पुरं नव्हतं. देशात बायकांना बाई डॉक्टरची किती गरज आहे, इथे शिकायला काय अडचणी आहेत, नवऱ्याबरोबर रस्त्याने चाललं तरी लोक कशी टवाळी करतात, हे सगळं त्यांनी बोलून दाखवलं. हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, असं वचनही दिलं. दागिने मोडून भाड्याची सोय झाली. 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोट निघाली, 4 जूनला न्यूयॉर्कला लागली. गोपाळराव बरोबर नव्हते. बंदरावर मावशी उतरवून घ्यायला आल्या होत्या.

रोझेलचा तो उन्हाळा मला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा वाटतो. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायच्या, शाकाहार सोडला नाही. एकदा तर त्यांनी मावशींच्या घरी अमेरिकन बायकांना साड्या नेसवल्या, कुंकू लावलं, जमिनीवर पंगत मांडून हाताने जेवायला लावलं. घरात कुणी हौसेने वागवणारं भेटलं की मुलगी कशी फुलते, ते आपण जाणतोच. बाहेर मात्र थंडी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, ते तिकडे दिसायलाही बरं नाही आणि थंडीलाही नाही, म्हणून त्या गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. हे वाचायला एका वाक्याचं आहे. पण परदेशी मुलीकडे गेल्यावर कपड्यांचं काय करायचं यावर आपल्या घरात अजून किती खल होतो ते आठवा!

ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव दाखल झालं. हे कॉलेज 1850 चं, खास बायकांना डॉक्टर करण्यासाठी काढलेलं. आनंदीबाईंबरोबर तिथे जपानची केइ ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबूली शिकत होत्या. तिघींचा आपापल्या देशाच्या पोशाखातला 1885 सालचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. प्रबंधाला त्यांनी विषय घेतला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा, म्हणजे बाळंतपणाचाच. 11 मार्च 1886 ला पदवी मिळाली. समारंभाला इंग्लंडहून मुद्दाम पंडिता रमाबाई आल्या होत्या, गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोचले होते. व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदन आलं. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या बायकांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली.

पण क्षयाने घर केलं होतं. ऑक्टोबर 1886 मध्ये त्या न्यूयॉर्कहून निघाल्या, नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या त्या आजारीच. पुण्याला आणलं, वैद्य झाले, औषधं झाली. कोल्हापूरचं ते हॉस्पिटल त्यांच्या वाट्याला आलंच नाही. 26 फेब्रुवारी 1887 ला त्या गेल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिनाभर बाकी होता. डॉक्टर म्हणून एकही दिवस काम करायला मिळालं नाही.

त्यानंतर आठवडाभरात, 4 मार्चला, मुंबईच्या हायकोर्टाने रखमाबाईला नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं सांगितलं. एकीच्या मृत्यूने हळहळलेला समाज तो हाच. तीच रखमाबाई पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाली आणि तिने सुरत-राजकोटच्या बायकांची वर्षानुवर्षं सेवा केली, ही त्यातली समाधानाची बाजू.

आता त्या दगडाकडे येऊ. आनंदीबाईंचं दहन पुण्यात झालं. पण त्यांची रक्षा मावशींकडे अमेरिकेला पाठवण्यात आली. बोटीने, दोन समुद्र ओलांडून. जी मुलगी चार वर्षांपूर्वी ट्रंक घेऊन त्याच वाटेने गेली होती, ती आता एवढीशी होऊन पुन्हा निघाली. हिंदू म्हणून परत येईन हे वचन तिने पाळलं होतंच. त्यानंतरची पाठवणी मावशीकडे. कार्पेंटरबाईंनी ती रक्षा आपल्या कुटुंबाच्या, पोकीप्सीच्या जागेत ठेवली. सख्ख्या नात्यातल्या माणसांच्या ओळीत.

ही जागा कसली, ते थोडं सांगायला हवं. पूर्वी युरोप-अमेरिकेत चर्चच्या आवारातच माणसं पुरत. शहरं वाढली तशी ती आवारं ओसंडली, दुर्गंधी, साथी सुरू झाल्या. मग 1831 साली बॉस्टनजवळ माउंट ऑबर्न इथे गावाबाहेर झाडी, टेकड्या, वळणदार रस्ते असलेली बागेसारखी दफनभूमी निघाली. लोक तिथे रविवारी फिरायला जाऊ लागले, डबे घेऊन! ते पाहून ठिकठिकाणी तशाच निघाल्या. न्यूयॉर्क राज्याने 1847 साली त्यासाठी कायदाच केला. पोकीप्सीची त्याच लाटेतली. कुटुंबाने एक तुकडा विकत घ्यायचा, त्याला क्रमांक पडतो, कोण कुठे ठेवलं त्याची वहीत नोंद होते. गवत कापणं, झाडं राखणं हे संस्थेचं काम. तेव्हा सव्वाशे-दीडशे वर्षांनी जाऊन तुम्ही नाव सांगितलं तर नोंद बघून जागा दाखवता येते. आपल्या आनंदीबाई टिकल्या त्या भावनेने तर खऱ्याच, पण या नोंदवहीनेही टिकल्या. भावना एका पिढीची असते हो. मावशींना ओळखणारे गेले, त्यांची मुलं गेली, तरी क्रमांक राहिला.

कागदावरचं नावही बायकांनीच राखलं. मृत्यूनंतर वर्षभरात, 1888 साली, कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेने बॉस्टनमध्ये त्यांचं इंग्रजी चरित्र छापलं. आपल्याकडे काशीबाई कानिटकरांनी 1889 मध्ये मराठीत लिहिलं, पुढच्या आवृत्तीत पत्रांसकट. काशीबाई स्वतः लग्नानंतर चोरून-मारून शिकलेल्या. बाईने बाईचं चरित्र लिहावं हेच तेव्हा नवल होतं. कार्पेंटरबाईंनी पत्रं जपली नसती, तर आज आपल्याला आनंदीबाई नुसत्या फोटोपुरत्या माहीत असत्या. पुढे 1968 साली श्री. ज. जोश्यांची कादंबरी आली आणि ती इतकी वाचली गेली, की कादंबरीतली आनंदी आणि खरी आनंदी लोकांच्या मनात मिसळून गेल्या. त्या पुन्हा वेगळ्या करायचं काम अंजली कीर्तने यांनी केलं. कागद न्‌ कागद शोधून त्यांनी लिहिलेलं, 1997 साली आलेलं चरित्र तुमच्या वाचनालयात असेल तर जरूर मागून घ्या. मीरा कोसंबी यांनी आनंदीबाईंच्या पत्रांवर असंच नेटाने काम केलं. आज फिलाडेल्फियाच्या त्या जुन्या कॉलेजचे कागद ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दप्तरखान्यात आहेत, त्यात आनंदीबाईंचं स्वतःच्या अक्षरातलं पत्रही आहे.

गोपाळरावांचं काय झालं, हे विचारणाऱ्या वाचक असतीलच. ते पुढेही खळबळ करत राहिले. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये मोठमोठ्या मंडळींना चहाला नेऊन, मग त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणणारे ते हेच. त्यावरून केवढा ग्रामण्याचा तमाशा झाला! त्या गृहस्थाला कुणी कधी नीट समजून घेतलं असेल असं वाटत नाही.

हे सगळं वाचून मला आपल्या आसपासचे दगड आठवतात. गावच्या देवळामागे, वेशीजवळ, तळ्याच्या काठी उभे असलेले. वीरगळ तुम्ही नक्की पाहिला असेल, फक्त त्याला वीरगळ म्हणतात हे माहीत नसेल. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्या मेलेल्या वीराला घेऊन चाललेल्या, वरच्या चौकटीत तो शिवपिंडीची पूजा करतोय, माथ्यावर कलश नाहीतर चंद्र-सूर्य. शेजारी कधी सतीशिळा असते. कोपरात वाकलेला बाईचा हात, मनगटात बांगड्या भरलेल्या. पुरुषाच्या दगडावर त्याची लढाई कोरलेली आणि बाईच्या दगडावर नुसता हात. ती कोण होती, नाव काय, वय काय, आपण होऊन गेली की ढकलली, काही नाही. पोकीप्सीचा दगड आणि हा दगड मी मनात शेजारीशेजारी ठेवून बघते. नवऱ्यामागे जळून गेलेल्या बाईचा दगड आपण शेंदूर लावून पुजला. शिकून आलेल्या बाईचा दगड मात्र मावशीच्या गावी.

शेंदराचा विषय निघालाच आहे तर सांगते. भक्तीने आपण या दगडांचं फार नुकसान करतो. शेंदराची पुटं चढतात, कुणी हौशी माणूस ऑइलपेंट मारतो, जीर्णोद्धारात ते भिंतीत सिमेंटने बसवले जातात, काही ठिकाणी तर धुणं धुवायला पालथे घातलेले असतात. जाणकारांचं सांगणं सगळीकडे सारखंच आहे, मग तो दगड हडसनकाठचा असो की भीमेकाठचा. तारेचा ब्रश नको, आम्ल नको, ब्लीचिंग पावडर नको. साधं पाणी आणि मऊ ब्रश, तेही दगड भुसभुशीत झालेला नसेल तरच. पापुद्रे सुटत असतील तर हातच लावू नये. अक्षरं वाचायची म्हणून खडू किंवा कोळसा घासू नये, त्याचे कण भोकांत बसतात ते निघत नाहीत. त्याऐवजी सकाळी किंवा उतरत्या उन्हात जावं. तिरपा उजेड पडला की पुसट अक्षर आपोआप उठून दिसतं. ऊन नसलं तर घरातला आरसा न्यावा आणि बाजूने कवडसा पाडावा. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवावी म्हणजे आकार कळतो, आणि वहीत गाव, जागा, दगडाचं तोंड कुठल्या दिशेला, एवढं टिपून ठेवावं. राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवता येतं. हे काम आपण बायका चांगलं करू शकतो असं माझं मत आहे, कारण हळदीकुंकवाला, वाण द्यायला, नवस फेडायला गावातला प्रत्येक कोपरा आपणच फिरलेल्या असतो. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारायलाही आपणच जाऊ शकतो. एखाद्या घुमटीला गावात काय म्हणतात, तिथे दिवा कधी लावतात, ते त्यांनाच ठाऊक असतं.

शुक्रावरच्या एका विवराला आनंदीबाईंचं नाव आहे. 2018 च्या 31 मार्चला गुगलने त्यांचं चित्र लावलं होतं. सगळं छानच. पण शुक्रावर काही आपल्याला जाता यायचं नाही, पोकीप्सीला मात्र येतं. आता आपल्याकडच्या छोट्या छोट्या गावांतल्या आयाही मुलीच्या, सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेला जातात. डिंकाचे लाडू, सुंठ-खोबरं, बाळाची दुपटी बॅगेत भरून सहा-सहा महिने राहतात. तिथलं कुणी न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीकडे राहत असेल तर एक दिवस काढायला सांगा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनातून हडसनच्या काठाकाठाने लोकलगाडी जाते, शेवटचं स्टेशन पोकीप्सी, साधारण दोन तासांचा रस्ता. दफनभूमीच्या कचेरीत आधी विचारून घ्यावं. जाताना डाव्या बाजूची खिडकी धरायची, नदी त्याच अंगाला दिसते.